५ रुपयांच्या पाकिटाचं राजकारण: बिस्किट स्वस्त झालं, पण समोरचा शिक्का कुठे अडकलाय?

मनवा_निफाड

नमस्कार मंडळी. मुलाच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत यंदा मला घेतलंय (दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून घेतलंय, उगाच गैरसमज नको). पहिल्याच मीटिंगला डब्याचा विषय निघाला. तिसरी-चौथीची पोरं पोळीभाजीचा डबा तसाच घरी परत नेतात आणि मधल्या सुट्टीत गेटसमोरच्या दुकानातून पोंगे, क्रीमचं बिस्किट नाहीतर ते आंब्याच्या चवीचं छोटं खोकं घेतात. बाई म्हणाल्या पालकांनी पैसे देणं बंद करा, पालक म्हणाले दुकान बंद करा, मुख्याध्यापक म्हणाले चहा घ्या.

मग मी जरा शोधाशोध केली तर डोकंच चक्रावलं. २०१७ मध्ये राज्य सरकारने शाळेच्या कँटीनमध्ये जंक फूड नको असा जीआर काढलेला आहे. २०२० मध्ये एफएसएसएआयने (केंद्राची अन्नसुरक्षा संस्था) शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-चरबीचे पदार्थ मुलांना विकू नका असा नियम केलाय. आमच्या शाळेचं गेट ते दुकान मी काही टेप लावून मोजलं नाही पण गेटवर उभं राहून हाक मारली तर दुकानदार ओ देतो. आणि दुसरीकडे सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला तेव्हा बिस्किट, चॉकलेट, आइस्क्रीम १८ वरून थेट ५ टक्क्यांवर आणलं, फरसाण-नमकीन १२ वरून ५. म्हणजे एक खातं म्हणतं मुलांपासून लांब ठेवा आणि दुसरं खातं म्हणतं घ्या स्वस्त करून देतो.

प्रश्न दोन. हे असं का होतं, म्हणजे यात नक्की कोणाचं काय गुंतलंय? आणि पाकिटावर समोर ठळक इशारा छापायचं किती वर्षं ऐकतेय, ते कुठे अडकलंय? "घरचं खाऊ घाला" हा सल्ला कृपया नको, तो सासूबाई रोज देतात.

पळीभर_तेल

मनवाताई, मी फूड टेक्नॉलॉजी केलंय आणि काही वर्षं एका स्नॅक्सच्या कंपनीत काढली आहेत (नाव विचारू नका), म्हणून दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो.

समोरच्या लेबलची चर्चा २०१४ च्या आसपासपासून चालू आहे. २०१८ मध्ये एफएसएसएआयने मसुदा काढला त्यात साखर, मीठ, चरबी ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर तो आकडा लाल रंगात दाखवायचा होता. कंपन्यांनी आरडाओरडा केला, मसुदा मागे गेला, पुन्हा समिती, २०१९ ला पुन्हा मसुदा. २०२० च्या शेवटी लेबलिंगचे बाकी नियम निघाले पण हा भाग त्यातून वगळला. मग सप्टेंबर २०२२ मध्ये आली स्टार रेटिंगची कल्पना, अर्ध्या स्टारपासून पाच स्टारपर्यंत, त्याला आधार म्हणून आयआयएम अहमदाबादचा सर्व्हे. जुलै २०२४ मध्ये साखर, मीठ, सॅच्युरेटेड फॅट ठळक अक्षरात छापायचा प्रस्ताव मंजूर केल्याचं जाहीर झालं. एप्रिल २०२५ मध्ये एका जनहित याचिकेवर सुप्रीम कोर्टाने तीन महिन्यात शिफारशी द्या म्हणून सांगितलं, त्यालाही पुढे मुदतवाढ. गंमत म्हणजे सरकारच्याच २०२४-२५ च्या आर्थिक पाहणीत अल्ट्रा प्रोसेस्ड (म्हणजे कारखान्यात घटक जुळवून बनवलेल्या) खाण्यावर लेबल लावा, त्यांच्या जाहिरातींना आवर घाला असं लिहिलेलं आहे. तुम्ही जी दोन खाती म्हणताय ती एकाच सरकारच्या एकाच पुस्तकात सुद्धा सापडतात.

स्टारवर एवढं रामायण का ते सांगतो कारण मी ते टेबलाच्या पलीकडून पाहिलंय. स्टारमध्ये वजाबाकी असते. साखरेचे वाईट मार्क, पण फायबर, प्रोटीन, फळं, दाणे असतील तर चांगले मार्क आणि ते एकमेकातून वजा होतात. मग आमच्यासारख्याला काम मिळतं की साखर तीच ठेव आणि थोडा सोया प्रोटीन आणि गव्हाचा कोंडा घाल, अर्धा-एक स्टार वर जातो का बघ. पदार्थ तोच. आणि स्टार म्हटलं की आपल्या डोक्यात हॉटेल येतं, दोन स्टार म्हणजे पण काहीतरी बरंच आहे असं वाटतं. "साखर जास्त" असा काळा शिक्का मारला की त्यात वजाबाकी होत नाही, त्या शिक्क्याखाली कितीही कोंडा घाला. म्हणून कंपन्यांना स्टार चालतो, शिक्का चालत नाही.

आता मागच्या बाजूचं काय, ती तर आत्ताही असते. ग्लुकोज बिस्किट घ्या, १०० ग्रॅमला साधारण २५ ग्रॅमच्या आसपास साखर दिसेल. डब्ल्यूएचओ म्हणतं मोठ्या माणसाने दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिलं तर उत्तम, ५० च्या वर तर नकोच. पण ते अक्षर एवढं बारीक आणि पाकिटाच्या शिवणीत गेलेलं असतं की वाचायला भिंग लागतं, आणि इंग्रजीत. तुमच्या गेटसमोरच्या चौथीतल्या पोराने ते वाचावं ही अपेक्षा आहे म्हणे.

अजून एक, साखर-मीठ-तेल एवढ्यापुरता पण हा विषय नाहीये. २०१९ मध्ये अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत केविन हॉल यांच्या टीमने २० माणसं महिनाभर आत ठेवली, दोन आठवडे अल्ट्रा प्रोसेस्ड, दोन आठवडे साधं शिजवलेलं, ताटात साखर-चरबी-मीठ-फायबर दोन्हीकडे जुळवलेलं आणि हवं तेवढं खा. कारखान्याच्या खाण्यावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. जाहिरात नाही, पाच रुपयांचा मोह नाही, तरी. मऊ असतं, पटकन गिळलं जातं, पोट भरल्याचा निरोप डोक्याला पोचेपर्यंत पाकीट संपलेलं असतं. आम्ही ते तसंच बनवत होतो, त्यासाठीच पगार होता.

झणझणीत_तर्री

आला वाटतं परत शिक्क्यांचा विषय. मग वडापाववर पण शिक्का मारा की. मिसळीवर दोन मारा. जुलै २०२५ ला आठवतंय का, आमच्या नागपूरच्या एम्सच्या नावाने बातम्या फिरल्या की आता समोसा-जिलेबीवर सिगारेटसारखा इशारा येणार, सगळीकडे बोंबाबोंब, मग केंद्राला खुलासा करावा लागला की बाबांनो ऑफिसात तेल-साखरेचे बोर्ड लावा एवढंच म्हटलंय, ठेलेवाल्याच्या पदार्थावर लेबल वगैरे काही नाही.

मुद्दा हा की तळणीचं तेल चार-चार वेळा तापवणारा गाडीवाला राहतो बाजूला आणि ज्याच्या पाकिटावर निदान तारीख, लायसन नंबर, घटक सगळं छापलंय त्याच्यामागे आपण हात धुवून लागतो. माझे आजोबा रोज शिळी भाकरी चहात बुडवून खायचे, आता लोक बिस्किट बुडवतात. गरीब माणसाला पाच रुपयात दुसरं काय मिळतं सांगा. बांधकामावरची बाई पोराला पाच रुपयाचं ग्लुकोज देते तेव्हा ती चूक करत नसते, तिच्याकडे चूल पेटवायला वेळ नसतो. हे लेबल-बिबल पुण्या-मुंबईच्या जिमवाल्यांचे चोचले.

गल्ल्यावर_बसलेला

मी दुकानदार आहे, बार्शीकडे. माझ्या पण दुकानासमोर शाळा आहे, त्यामुळे मनवाताई तुमचा तो ओ देणारा माणूस मीच समजा.

लोकांना वाटतं दुकानदार पोरांना बिघडवतो. माझी बाजू ऐका. मोठ्या कंपनीच्या बिस्किटात मला आठ-दहा टक्के सुटतात, लोकल पोंग्याच्या माळेत पंचवीसपर्यंत. माळ दारात टांगली की झालं, फ्रीज नको वजन नको कागद नको, पोरगं बोट दाखवतं मी कात्रीने कापून देतो. केळी ठेवली तर डझनातली चार काळी पडतात आणि ती माझ्या अंगावर. कंपनीचा माणूस दर आठवड्याला ऑर्डर घ्यायला येतो, मुदत संपलेला माल बदलून देतो (सगळ्या नाही देत, एका कंपनीच्या एजन्सीवाल्याने माझी दोन खोकी अशी लटकवली की अजून फोन उचलत नाही), वर रॅक फुकट देतो, बोर्ड रंगवून देतो, त्यावर दुकानाचं नाव छोटं आणि कोल्ड्रिंकचं मोठं. फुटाणे-शेंगदाणेवाला कोण येतो माझ्याकडे? मीच मोंढ्यात जायचं, मीच आणायचं, मीच पुड्या बांधायच्या.

आणि ५ रुपये हा आकडा म्हणजे दगडावरची रेघ आहे. पोराच्या हातात पाचचं नाणं असतं. तेल महाग झालं, साखर महाग झाली, डिझेल महाग झालं, पाकीट पाचचंच, आतला माल कमी होत जातो. गिऱ्हाईक किंमत बघतं, ग्रॅम कोण बघतो. जीएसटी कमी झाला तेव्हा पण पाचाचं साडेचार कसं करणार, सुट्टे कोण देणार, मग बऱ्याच कंपन्यांनी पाच तेच ठेवून ग्रॅम वाढवले. म्हणजे कर कमी झाल्याचा फायदा पोराला पैशात नाही मिळाला, जास्त बिस्किटात मिळाला. घ्या, आरोग्य.

मनवा_निफाड

गल्ल्यावरदादा, हे कोणी असं उलगडून सांगितलंच नव्हतं. झणझणीत, बांधकामावरच्या बाईचं तुमचं खरं आहे पण मग तिच्या पोराला त्या पाच रुपयात दुसरं काहीच का मिळत नाही हाच तर माझा प्रश्न आहे ना.

बाय द वे मी कालच किराण्याची पावती बघितली. पाकीटबंद लेबल लावलेल्या तूरडाळीवर ५ टक्के जीएसटी. चॉकलेटवर पण ५ टक्के. सुटी डाळ घेतली तर शून्य, हे मान्य, पण तरी.

सोयाबीनवाला

तूरडाळीचं निघालंच आहे तर माझं पण ऐका, लातूर जिल्हा, औसा तालुका, आठ एकर, त्यातलं निम्मं सोयाबीन.

पाच रुपयाच्या पाकिटाचा खरा पाया पामतेल आहे. पाकीट उलटं करा, घटकांमध्ये पामोलिन नाहीतर पाम तेल असं लिहिलेलं असतं. आपल्या देशात लागणाऱ्या खाद्यतेलापैकी साधारण निम्म्याहून जास्त बाहेरून येतं आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा इंडोनेशिया-मलेशियाच्या पामचा. आता ते पामतेल स्वस्तात येऊ द्यायचं की नाही हे आयात शुल्कावर ठरतं आणि आयात शुल्क निवडणुकीवर ठरतं, एवढं साधं गणित आहे.

बघा, २०२४ च्या लोकसभेला मराठवाडा-विदर्भात सोयाबीनने आणि नाशिककडे कांद्याने सत्ताधाऱ्यांना रडवलं. विधानसभा जवळ आली तसं सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं, का तर सोयाबीनला भाव यावा. प्रचारात क्विंटलला ६,००० चं आश्वासन. हमीभाव होता ४,८९२, बाजारात आम्ही विकलं चार हजाराच्या आसपास, काहींनी त्याच्याही खाली, कारण ओलावा जास्त म्हणून खरेदी केंद्रावरून ट्रॅक्टर परत. निवडणूक झाली, तेल महाग झाल्याची शहरात ओरड झाली, मे २०२५ च्या शेवटी तेच शुल्क २० वरून १० वर. पुढच्या हंगामाचा हमीभाव ५,३२८ जाहीर करायचा आणि आयात तेलाला दार उघडायचं, म्हणजे एका हाताने टोपी घालायची आणि दुसऱ्याने काढायची.

शुल्क कमी केलं की गृहिणीला दिलासा असं पेपरात येतं. गृहिणीला मिळतो, नाही म्हणत नाही. पण त्याहून मोठा दिलासा बिस्किट-नमकीन-नूडल्सवाल्यांना मिळतो कारण ते टँकरने घेतात. पाम त्यांना आवडतं ते स्वस्त म्हणून तर खरंच, पण ते घट्टसर राहतं, वास येत नाही, लवकर खवट होत नाही म्हणून पण. आमच्या सोयाबीनमध्ये तेल १८-२० टक्के, बाकी पेंड, त्यामुळे आमचा भाव तेलापेक्षा पेंडीवर जास्त चालतो आणि पेंड कोंबड्या खातात. आता सरकारने पाम लावायचं मिशन काढलंय, २०२१ मध्ये ११,०४० कोटी जाहीर केले, आंध्र-तेलंगणात लावतात, आमच्याकडे प्यायला टँकर, पामला कुठून पाणी आणायचं.

आणि साखरेवर मी बोलणार नाही, मोठे लोक आहेत. एवढंच सांगतो की उसाला कायद्याने एफआरपी (ठरवून दिलेला किमान दर) आहे, २०२५-२६ ला ३५५ रुपये क्विंटल, तो कारखान्याला द्यावाच लागतो, आणि साखरेचा मोठा वाटा घराघरात नाही, कोल्ड्रिंक-मिठाई-बिस्किटवाल्यांकडे जातो. खप कमी झाला तर गोदामात पोती आणि बिलं थकलेली. महाराष्ट्रातला कुठला आमदार "साखर कमी खा" म्हणून सभा घेईल ते मला दाखवा.

पळीभर_तेल

सोयाबीनवाले +१. पाम घट्टसर राहतं हे तुम्ही आमच्या लॅबवाल्यापेक्षा सोपं सांगितलंत. एक भर घालतो, पूर्वी हा घट्टपणा वनस्पती तुपातून यायचा आणि त्यात ट्रान्स फॅट असायचं. ते २०२१ मध्ये ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांच्या आत आणायचा नियम झाला आणि तो झाला बरं का, कंपन्या काही बुडाल्या नाहीत. म्हणजे सरकारने आकडा ठरवला, तारीख ठरवली की उद्योग निमूट रेसिपी बदलतो, आम्ही पण बदलली, थोडी कुरकुर करून. अडतं ते आकडा ठरवण्यापर्यंत. मनवाताई तुमच्या ५० मीटरच्या नियमाचं तेच आहे, जास्त साखर-मीठ-चरबी म्हणजे किती ग्रॅमला जास्त, हा आकडा घट्ट बसवला नाही तर अन्न सुरक्षा अधिकारी दुकानात येऊन करणार काय, पंचनामा कशाचा करणार.

केरेतारोकर

मेक्सिकोतून लिहितोय, गाडीचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आहे, इथे केरेतारोत आपले बरेच लोक आहेत. इथे तो काळा शिक्का रोज बघतो म्हणून सांगतो कसा दिसतो.

रस्त्यावरच्या स्टॉपच्या पाटीसारखा अष्टकोन, काळाकुट्ट, पांढऱ्या अक्षरात "एक्सेसो आसूकारेस", म्हणजे साखर अति. मीठ, कॅलरी, सॅच्युरेटेड फॅट, ट्रान्स फॅट यांचे वेगवेगळे. ऑक्टोबर २०२० पासून आहेत. एकेका पाकिटावर तीन-तीन चार-चार असतात. माझी मुलगी सहा वर्षांची आहे, तिला स्पॅनिश धड वाचता येत नाही पण दुकानात ती शिक्के मोजते. शिक्का असलेल्या खोक्यावर कार्टून छापायला बंदी, त्यामुळे सीरियलच्या खोक्यावरचे वाघ-ससे सगळे गायब, खोकं औषधाच्या डब्यासारखं दिसतं. हे आधी चिलीने केलं, २०१६ मध्ये. चिलीत पुढच्या अभ्यासात गोड पेयांची खरेदी जवळजवळ चोवीस टक्क्यांनी घटली असं दिसलं, अर्थात तिथे लेबल, जाहिरातबंदी आणि शाळाबंदी तिन्ही एकदम होतं, नुसत्या शिक्क्याचं श्रेय नाही.

आणि हे असं सहज झालं असं समजू नका. या देशात २००० साली जो राष्ट्राध्यक्ष झाला तो विसेंते फॉक्स आधी इथल्या कोकाकोलाचा प्रमुख होता. गावागावात प्यायचं पाणी नाही पण कोल्ड्रिंक थंडगार, असे भाग मी स्वतः बघितलेत. तरी २०१४ मध्ये गोड पेयांवर लिटरला एक पेसो कर लागला, पहिल्या वर्षी खरेदी साडेपाच टक्के आणि दुसऱ्या वर्षी साडेनऊ-पावणेदहा टक्के घटली. २०२६ पासून तो तीन पेसोच्या वर नेलाय. आणि मनवाताई तुमच्या कामाचं, मार्च २०२५ च्या अखेरीपासून इथे शाळांमध्ये शिक्केवाला कुठलाही माल विकायला बंदी आहे. बघा, शिक्का आधी आला म्हणून हे सोपं झालं. मुख्याध्यापकाला ग्रॅम मोजावे लागत नाहीत, काळा अष्टकोन दिसला की बाहेर. आपल्याकडे बंदी आधी आणि शिक्का नंतर, म्हणून ५० मीटरचा नियम कागदावर.

झणझणीत, टाको विकणाऱ्या ठेल्यांना इथे कोणी शिक्का लावलेला नाही. रात्री बारा वाजता पण रांग असते.

झणझणीत_तर्री

बरं ते ठेल्याचं मान्य. पण आपल्याकडे कोल्ड्रिंकवर आहेच की ४० टक्के, जुन्या सेससकट आधी पण तेवढंच पडत होतं. म्हणून लोक प्यायचे थांबले का? दहा रुपयाची बाटली काढली की झालं. केरळने पण २०१६ ला बर्गर-पिझ्झावर साडेचौदा टक्के फॅट टॅक्स लावला होता, वर्षभरात जीएसटी आला, टॅक्स गेला, बर्गर आहे तिथेच. कराने माणूस सुधारत नाही.

आणि एक विचारतो, या सगळ्या कारखान्यांमध्ये आपलीच पोरं कामाला आहेत. प्रोसेसिंग वाढवा, शेतमालाची नासाडी थांबवा हे पण आपणच ओरडतो, टोमॅटो रस्त्यावर फेकला की.

पळीभर_तेल

टोमॅटोची प्युरी आणि क्रीम बिस्किट एका पारड्यात नका हो घालू. प्रोसेसिंग म्हणजे दही पण, लोणचं पण, गोठवलेले मटार पण. ब्राझीलच्या कार्लोस मोंतेरो यांनी २००९ पासून जी वर्गवारी मांडत नेली त्यात पुढे चौथा गट वेगळा काढलाय तो एवढ्यासाठीच, जिथे मूळ पदार्थ ओळखू येत नाही, स्टार्च, तेल, साखर, फ्लेवर, इमल्सिफायर जुळवून वस्तू उभी केलेली असते. त्या वर्गवारीवर आमच्या क्षेत्रात वाद आहेत, पावाचं काय, दह्यात साखर घातली तर काय, खरे वाद आहेत. पण २०२१ मध्ये केंद्राने फूड प्रोसेसिंगला १०,९०० कोटींची पीएलआय (उत्पादनावर मिळणारं अनुदान) दिली त्यात रेडी टू ईट आणि रेडी टू कुक हा प्रक्रिया केलेल्या फळं-भाज्यांच्या बरोबरीने पहिल्या रांगेत आहे.

आणि गरिबाच्या पोराचा पुळका म्हणाल तर एक जुनी गोष्ट ऐका. २००७ च्या शेवटी बिस्किट उत्पादकांच्या संघटनेने खासदारांना पत्रं लिहिली की शाळेतल्या शिजवलेल्या खिचडीऐवजी बिस्किटाची पाकिटं द्या, स्वच्छ, सोपं, जीवनसत्त्वं घातलेलं. बऱ्याच खासदारांनी ते पत्र शिफारस करून मंत्रालयाकडे सरकवलं पण. मंत्रालयाने राज्यांना विचारलं, राज्यांनी नको म्हटलं, म्हणून आपल्या पोरांना आज खिचडी-आमटी मिळते. देशभरातल्या शाळांमध्ये रोज कोट्यवधी पोरं जेवायला बसतात, त्या ताटावर डोळा असणारच.

अंगणवाडीत तर तेवढंही नशीब नाही. सुप्रीम कोर्टाने २००४ मध्येच सांगितलं की पोषण आहारात कंत्राटदार नको, बचत गट-महिला मंडळांना द्या. महाराष्ट्रात काय झालं, कंत्राटदार महिला मंडळाची पाटी लावून आले. २०१९ मध्ये कोर्टाने राज्याचं हजारो कोटींचं टेंडर रद्द केलं कारण उलाढालीच्या अटी अशा ठेवल्या होत्या की खरा बचत गट आत शिरूच शकत नव्हता. टीएचआरचं (घरी न्यायच्या कोरड्या आहाराचं) पाकीट, शिरा-उपमा-सुकडी, ते गावात कोण खातं विचारा.

सोयाबीनवाला

म्हैस खाते. आमची खायची, खोटं कशाला बोलू.

निरुपमा_फोंडा

फक्त वाचत होते पण राहवलं नाही. २०२३ मध्ये आयसीएमआरचा देशभराचा मधुमेहाचा अभ्यास आला त्यात १० कोटींच्या वर मधुमेही, आणि सगळ्यात जास्त टक्का कोणाचा तर आमच्या गोव्याचा, २६.४. मी इथे डायलिसिसच्या युनिटला काम करते. झणझणीतभाऊ, कराने माणूस सुधारत नाही म्हणता, पण आमच्याकडे जो येतो त्याचा खर्च सरकारी योजनेतूनच जातो ना, म्हणजे तुमच्या-माझ्या करातूनच. पाच रुपयाच्या पाकिटाची बाकीची किंमत इथे वसूल होते, फक्त पावती कंपनीच्या नावाने फाटत नाही. पेशंटला मी मीठ कमी करा म्हटलं की ते म्हणतात बाई आम्ही वरून मीठ घेतच नाही. आणि पिशवीत खारी आणि शेव.

मनवा_निफाड

सगळ्यांचे आभार, एवढं अपेक्षित नव्हतं. दिल्लीत शिक्का कधी येईल तेव्हा येईल, मी परवाच्या मीटिंगला दोन गोष्टी ठेवतेय. एक, २०१७ चा जीआर आणि ५० मीटरचा नियम यांची प्रत लावून ग्रामपंचायतीला आणि जिल्ह्याच्या एफडीएला (राज्याचं अन्न-औषध खातं) अर्ज. दुसरं, दुकानदाराशी भांडायचं नाही, बोलायचं. गल्ल्यावरदादा, खरं सांगा, समितीने सांगितलं की मधल्या सुट्टीत पोंग्याच्या माळा आत ठेवा आणि चिक्की, राजगिरा लाडू, फुटाणे पुढे ठेवा, तर तुम्ही तयार झाला असता का? आणि ५ रुपयात बसतं का?

गल्ल्यावर_बसलेला

अर्ज करा पण एफडीएकडे माणसं किती आहेत ते आधी विचारा, आमच्याकडे साहेब दिवाळीला खवा बघायला येतात तेवढेच.

बसतं की पाचात. शेंगदाणा चिक्की घाऊक घेतली तर पाच रुपयात वीस-बावीस ग्रॅमची वडी देता येते, माझे पण सुटतात. पाचच्या वेफर्समध्ये दहा-बारा ग्रॅमच असतो माल, बाकी हवा. पण पोराला हवा दिसते ताई, पाकीट फुगलेलं, आत काहीतरी भरपूर आहे असं वाटतं, वर क्रिकेटवाल्याचा फोटो. चिक्की बिचारी चपटी. फुटाण्याची पुडी करून दिली तर थोडी मोठी दिसते, शंकूसारखी बांधायची, ते चालतं, मी करून बघितलंय.

तयार होईन पण दोन अटी. शाळेपासल्या सगळ्या दुकानांना एकदम सांगा, मी एकट्याने माळा आत घेतल्या तर गिऱ्हाईक पलीकडच्या टपरीवर जाणार आणि वह्या-पेनं पण तिकडेच घेणार. आणि बचत गटाकडून माल घेणार असाल तर मुदत गेलेला माल बदलून द्यायचं आधी ठरवा. जून ते सप्टेंबर चिक्की सादळते, हाताला चिकटते, मग पोरगं ती परत आणून देतं आणि माझ्याशी भांडतं.

मनवा_निफाड

सादळण्याचं डोक्यातच नव्हतं आलं. आमच्या गटाच्या बायका पाकीट सील करायचं छोटं मशीन घ्यायचं म्हणतायत, साधारण केवढ्याला पडतं ते आणि पिशवी कुठली घ्यायची ते पळीभर सांगू शकतील का?

पळीभर_तेल

हाताने दाबायचं सीलर हजार-दीड हजारापासून मिळतं, आठ इंची पुरे. साधी प्लास्टिकची पिशवी नको, त्यातून दमट हवा आत जाते, चांदीच्या रंगाची जाड लॅमिनेटची पिशवी घ्या. चिक्की पूर्ण गार झाल्यावरच भरा नाहीतर आतल्या आत घाम धरते. पाकिटावर लायसन नंबर, बनवल्याची तारीख आणि शेवटची तारीख हवीच, आणि गूळ किती ते पण छापा, मागे नको, समोर.